चेसच्या लाइव्ह सामन्यातली ती काळी-पांढरी पट्टी नेमकं काय सांगते?

दिव्या देशमुखचा किंवा गुकेशचा डाव तुम्ही यूट्यूबवर लाइव्ह पाहिला असेल, तर पटाच्या कडेला एक उभी काळी-पांढरी पट्टी दिसली असेलच. पांढऱ्याची बाजू वरचढ झाली की पांढरा भाग वाढतो, शेजारी +१.५ असा काहीतरी आकडा येतो. पट्टी कोसळली की कॉमेंट्समध्ये ‘ब्लंडर, ब्लंडर’ सुरू. ग्रँडमास्टर अजून विचारच करतोय आणि आपल्याला मात्र सगळं कळलेलं!

हा आकडा चेस इंजिन देतं. बहुतेक वेळा स्टॉकफिश नावाचं मोफत इंजिन. पण ते हा आकडा काढतं कसं?

आधी गुण, मग झाड

याची पद्धत अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडली. प्याद्याला १ गुण, घोडा आणि उंटाला ३, हत्तीला ५, वजिराला ९. दोन्ही बाजूंची वजाबाकी करायची, प्याद्यांची रचना वगैरे बघून थोडं कमी-जास्त करायचं, की पटाला एक आकडा मिळतो.

पण पुढच्याच चालीत वजीर जाणार असेल तर ते ९ गुण काय कामाचे? म्हणून पुढचं बघावं लागतं. मी ही चाल केली तर समोरचा काय करेल, त्यावर मी काय करेन, अशा फांद्या फुटत जातात. याला म्हणतात गेम ट्री. इंजिन टोकाच्या पटांना गुण देतं आणि तिथून मागे येतं. येताना एकच गोष्ट गृहीत धरतं: समोरचा त्याची सर्वांत चांगली चालच खेळणार. तो चुकेल या आशेवर राहायचं नाही. ही मिनिमॅक्स पद्धत.

अडचण आकड्यांची आहे. प्रत्येक वेळी साधारण ३० चाली शक्य धरल्या, तर दोघांच्या तीन-तीन चालींनंतर झाडाला ७२ कोटी ९० लाख टोकं होतात. आणि हे फक्त तीन चालींचं!

खरी कमाल छाटणीची

समजा, उंट हलवला तर डाव बरोबरीत राहतो, हे इंजिनने तपासलं. आता ते घोडा हलवून बघतं. समोरच्याचं पहिलंच उत्तर असं निघतं की आपला वजीर फुकटात जातो. मग घोड्याच्या त्या चालीवरची बाकीची २९ उत्तरं बघायची गरजच काय? ती चाल उंटापेक्षा वाईट आहे, हे ठरलंच. फांदी तिथेच छाटायची. ही अल्फा-बीटा छाटणी. हिच्यात उत्तर जराही बदलत नाही, फक्त फुकटची मेहनत वाचते. चांगल्या चाली नेहमी आधी तपासल्या गेल्या, तर त्या ७२ कोटी ९० लाख टोकांऐवजी सुमारे ५४ हजार टोकं पुरतात.

तरी कुठेतरी थांबावं लागतंच, आणि तिथे गंमत होते. हत्ती जाणारच असेल, तर इंजिन मध्येच एखादं प्यादं देऊन टाकतं. त्यामुळे हत्ती जाण्याची चाल त्याच्या नजरेच्या टप्प्यापलीकडे ढकलली जाते आणि त्याला वाटतं, वाचलो. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसंच हे. संशोधक हान्स बर्लिनर यांनी १९७० च्या दशकात याला ‘होरायझन इफेक्ट’ म्हटलं. आता इंजिनं मारामारी शांत होईपर्यंत पुढे बघतात, पण मर्यादा राहतेच. कुणी चाल केलेली नसतानाही पट्टी कधी कधी सरकते, ती इंजिन आणखी खोल गेल्यामुळे.

जिंकलं, पण शिकलो काय?

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लूने गॅरी कास्पारोव्हला ३.५–२.५ असं हरवलं. सेकंदाला सुमारे २० कोटी पट तपासणारी मशीन होती ती. जगभर हेडलाइन झाली, पण जॉन मॅकार्थी मात्र नाराज होते. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हा शब्द रूढ करणारे, छाटणीच्या कल्पनेशीही सुरुवातीपासून जोडलेले हे संशोधक. जनुकशास्त्रज्ञ प्रयोगासाठी फळमाश्या वापरतात, तसा चेस वापरून बुद्धी समजून घ्यायची होती. प्रत्यक्षात, त्यांच्या मते, माश्यांच्या शर्यतीच लावल्या गेल्या. त्यांचं म्हणणं मला तरी पटतं. मोजके पर्याय बघूनही ग्रँडमास्टरला योग्य चाल कशी सुचते, हे डीप ब्लूने सांगितलं नाही.

त्या दिशेने मोठं पाऊल पडलं २०१७ मध्ये. डीपमाइंडचा अल्फाझिरो फक्त स्वतःशी खेळून शिकला. त्याने स्टॉकफिशविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. स्टॉकफिश सेकंदाला ७ कोटी पट बघत होता आणि अल्फाझिरो फक्त ८० हजार. (स्टॉकफिशला दिलेल्या सेटिंगवरून तेव्हा बराच वाद झाला, तो वेगळा.) २०२० मध्ये स्टॉकफिशनेही पटाला गुण देण्यासाठी न्यूरल नेटवर्क घेतलं. छाटणी मात्र सोडली नाही.

मग +१ म्हणजे एक प्यादं पुढे? पूर्वी ढोबळमानाने तसंच होतं. २०२२ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून स्टॉकफिशचा +१ म्हणजे इंजिन स्वतःशीच खेळलं तर जिंकण्याची ५० टक्के शक्यता. घड्याळात वीस सेकंद उरलेल्या माणसाचा त्यात हिशोब नाही.