खळ, हौद आणि जिवाणू

जामनेरच्या काळ्या मातीतला कापूस सूत होऊन मागावर चढतो, तेव्हा ताण्याला खळ द्यावी लागते. नाहीतर धागे तटातट तुटतात. १८५७ नंतर उत्तरेतून येऊन मालेगावात वसलेल्या मोमीन विणकरांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण विणल्यावर ती खळ निघते कशी, हे सहसा कोणी विचारत नाही. ती निघाल्याशिवाय कापड रंग नीट धरत नाही.

जुनी रीत म्हणजे कोरं कापड कोमट पाण्यात रात्रभर भिजवणं. पाण्यातले जिवाणू एन्झाइम सोडून खळीतला स्टार्च फोडतात. वेळ किंवा ऊब चुकली, तर कापडच कुजतं.

१८९४ मध्ये जोकिची ताकामिने यांनी गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून असं एन्झाइम मिळवण्याचं अमेरिकेत पेटंट घेतलं. १९१७ मध्ये ब्वादँ आणि एफ्राँ यांनी ते जिवाणूंपासून काढलं. आज बंद टाकीत हवा, ऊब, आम्लता आणि खाद्य यांचं माप राखतात. जिवाणू तोच असतो. परिस्थिती जमली तर एन्झाइम भरपूर मिळतं, बिघडली तर उत्पादन घटतं.

मला वाटतं, टाकीवरच्या काट्यांनी जे मापलं, त्यातलं बरंच हौदावरचा कारागीर हात घालून, वास घेऊन ओळखत असे. पेटंटावर नावं राहिली, हौदावरची गेली. आपल्या मोहल्ल्यांतल्या म्हाताऱ्या कारागिरांना विचारून ते लिहून ठेवणं हे आपलंच काम आहे.