आधी ऐकावं, मग सांगावं



 शताब्दीच्या ग्रंथासाठी चार ओळी लिहा, असं मंडळींनी मले सांगितलं. माझं शिक्षण चौथी. शेती अन् कीर्तन याशिवाय दुसरं काही येत नाही. तरी एक जुना इतिहास सांगतो. तो ख्रिस्ती लोकांचा हाय. वारकऱ्यांच्या ग्रंथात तो काऊन, असं कोणी म्हणेल. त्याचं कारण आधी सांगतो.

वीसेक वर्षांमागं वरूडजवळच्या एका गावात सप्त्यात माझं कीर्तन होतं. बोलता बोलता मी धर्म सोडून गेलेल्या लोकांवर चार कडक शब्द बोललो. लोक हसले, मले बी चढ आला. कीर्तन झाल्यावर एक म्हातारे मास्तर प्रसादाला आले. म्हणाले, "महाराज, तुकोबांचं निरूपण गोड झालं. मी ख्रिस्ती आहे. माझ्या घरी गाथा आहे. आमचे टिळक त्याच वाटेनं गेले." मले टिळक म्हणजे लोकमान्य तेवढेच ठाऊक. माणूस दोन तास माझं ऐकत बसला होता, अन् मी त्याचं एक अक्षर कधी ऐकलं नव्हतं. मान खाली गेली. पुढं त्यांनी सांगितलं अन् मी नातीकडून वाचून घेतलं, ते असं.

गोव्यात १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री आला. पोर्तुगीजांचं राज्य होतं. साष्टी भागातली देवळं १५६७ साली पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. नवे ख्रिस्ती झालेले लोक म्हणत, आमची पुराणं नेली, तर त्याबदल्यात दुसरं पुराण तरी द्या. ही मागणी त्याच्याच ग्रंथात एका ब्राह्मणाच्या तोंडी हाय. स्टीफन्सनं ते ऐकलं. तो मराठी शिकला अन् येशूचं चरित्र ओवीत लिहिलं. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापलं, अक्षर रोमन पण भाषा मराठी. ओव्या अकरा हजारांच्या आसपास. नाथबाबांनी देह ठेवला १५९९ साली, म्हणजे सतराच वर्षं मधी. स्वर्गाला तो वैकुंठच म्हणतो.

इथं एक कडू गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्या राज्यानं देवळं पाडली, त्याच राज्याच्या सावलीत ही ओवी झाली. तोंड बंद करून मग ऐकणं, ते पुरतं ऐकणं नव्हे. पण स्टीफन्सनं आपल्या भाषेले मान दिला, तोही खोटा नव्हे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दुसरे नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. जातीनं ब्राह्मण, मोठे कवी. काही काळ आपल्या नागपुरात कामाला होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना बायबलातला नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं. लक्ष्मीबाई मागं राहिल्या, त्या दुःखातले काही दिवस त्यांनी पंढरपुरात नातलगांकडे काढले. पुढं काही वर्षांनी दोघं परत एक झाले. हे सारं लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहिलं हाय. नात वाचत होती तवा मी हसलो बी अन् रडलो बी.

टिळकांच्या ध्यानात आलं का देवळात परदेशी चालीची गाणी चालतात, ती आपल्या माणसाच्या काळजात उतरत नाहीत. मग त्यांनी येशूवर अभंग केले, भजनं केली, कीर्तनं केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साधूसारखे राहिले अन् 'देवाचा दरबार' काढला. १९१९ साली गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. अन् या बाईंना लिहा-वाचायला लग्नानंतर टिळकांनीच शिकवलं होतं!

तिसरे जस्टिन अ‍ॅबट, अमेरिकेचे पाद्री.  पण म्हातारपणी स्वतःच्या देशात जाऊन त्यांनी काय केलं? पंडित गोडबोल्यांच्या मदतीनं आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेली. बहिणाबाई १९२९ साली, तुकोबा १९३० साली. जो सांगायला आला होता, तो आपले संत तिकडे सांगत बसला. ऐकणाराच बदलला, माऊली!

आपण संत्र्यावाले. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. मूळ या मातीचं असलं तरच डोळा फुटतो. खुंट न पाहता बांधला तर वाळून जातो. या तिघांनी आधी खुंट पाहिला. त्यांचं फळ आपण खावं असं मी म्हणत नाही. माझा विठ्ठल मले पुरेसा हाय. पण खुंट पाहणं हे शहाण्या शेतकऱ्याचं लक्षण, ते शिकायला हरकत नाही.

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, कीर्तन दुसरं. हे मी शेकडो वेळा सांगितलं, पण केलं नव्हतं. आता गावात गेलो का आधी पारावर बसतो, कोणाच्या घरी काय चाललं ते ऐकतो, मग उभा राहतो. दुसऱ्याच्या धर्मावर हशा मिळवणं सोडलं. मास्तरांना माफी मागायची राहून गेली. ते आता नाहीत, म्हणून इथं लिहून मागतो.

आपली दिंडी शंभर वर्षं चालली. वाटेत किती जातीच्या, किती धर्माच्या लोकांनी पाणी पाजलं असेल, त्याची नोंद कुठं नाही. पुढच्या शंभर वर्षांत पाणी देणाऱ्याचं दोन शब्द ऐकूनच पुढं पाऊल टाकावं, एवढी विनंती.

अडाण्याचं लिहिणं, चुकलं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या.

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!