हात चालकाचा, दोष कोणाचा?

उज्जैन स्टेशनाजवळच्या देवास गेट बसस्टँडवर उभ्या बसच्या अंगावर सहसा मालकाचं नाव, परमिट, फिटनेस आणि विम्याची मुदत रंगवलेली दिसते. चालकाचं नाव मात्र नसतं, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. मोटार नवी होती तेव्हा जबाबदारी शोधायची ती स्टिअरिंगवरच्या हातात. 1939 च्या कायद्याने त्रयस्थांसाठीचा विमा सक्तीचा केला, ती सक्ती 1 जुलै 1946 पासून अमलात आली. 1956 च्या दुरुस्तीने दाव्यांसाठी न्यायाधिकरणांची सोय झाली. तरी चालकाची चूक सिद्ध करणं भरपाई मागणाऱ्याच्याच गळ्यात होतं. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एका जिनिंग कंपनीची गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये म्हटलं की असा अपघातच निष्काळजीपणा सांगतो. कंपनीचा व्यवस्थापक गाडी चालवत होता, म्हणून भरपाई कंपनीवर आली. 1982 मध्ये चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी 15 हजार रुपये देय झाले. 2001 मध्ये टायर फुटून जीप उलटली त्या प्रकरणात चालकाची चूक नसतानाही न्यायालयाने भरपाई दिली.

आता स्वतः ब्रेक लावणाऱ्या, लेन धरून चालणाऱ्या गाड्या आपल्याकडे विकल्या जातात, आणि चालकाने सतत सावध राहावं असं त्यांचं माहितीपुस्तक बजावतं. बिघाड यंत्राचा असला तरी आरोपी चालकच, हे मला मान्य नाही. विमा कंपनी पैसे देतेच, मग उत्पादकाला कशाला ओढायचं, असा आक्षेप येतो. पण विमा चालकाचा तुरुंग टाळत नाही. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय टायर फुटला तर एक गाडी उलटते, सॉफ्टवेअरमधली चूक त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत असते. चालक बेफिकीर होतील, ही भीती खरी आहे. म्हणूनच जबाबदारी वाटून घ्यावी: 2019 च्या फ्लोरिडातील अपघातात मायामीच्या ज्यूरीने 2025 मध्ये टेस्लावर 33 टक्के दोष ठेवला, उरलेला चालकावर. अपघाताच्या क्षणी गाडीने काय पाहिलं, कधी ब्रेक लावला, याची नोंद कंपनीच्या हाती असते. पादचाऱ्याच्या घरच्यांकडे नसते. ती नोंद न्यायाधिकरणापुढे ठेवण्याचं आणि यंत्र निर्दोष होतं हे दाखवण्याचं ओझं उत्पादकावर टाकणारी दुरुस्ती 1988 च्या मोटार वाहन कायद्यात व्हायला हवी, आणि ती 2028 च्या सिंहस्थाची गर्दी देवास गेटला उतरण्याआधी व्हावी.