टर्मिनल प्रोग्रामची निवड : कमोडोर ६४ आणि टेलिफोनच्या तारेवरचे जग

१/९ १९८०च्या दशकात अमेरिकेतील घरगुती संगणकाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या वस्तू तीन : टेलिफोन, मोडेम आणि ‘टर्मिनल प्रोग्राम’. पहिल्या दोन पैशांनी मिळत. तिसरीची निवड मात्र जाणतेपणाने करावी लागे. कारण कोणत्या जगात प्रवेश मिळणार, हे तीच ठरवी.

२/९ पार्श्वभूमी : १६ फेब्रुवारी १९७८ रोजी वॉर्ड क्रिस्टनसेन आणि रँडी स्यूस यांनी शिकागोत ‘सीबीबीएस’ हा बुलेटिन बोर्ड सुरू केला. संगणकाने फोन उचलायचा, पाहुण्याने संदेश वाचायचे, आपला लिहून ठेवायचा. पुढे असे असंख्य बोर्ड घराघरांतून चालू लागले. बहुतेकांना फोनलाइन एकच. म्हणून एका वेळी पाहुणाही एकच.

३/९ १९८२ मध्ये कमोडोर ६४ बाजारात आला. किंमत ५९५ डॉलर. त्याच कंपनीचा व्हिकमोडेम शंभर डॉलरच्या आसपास मिळे. त्याचा वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. चाळीस अक्षरांच्या पंचवीस ओळींचा पडदा भरायला अर्धा मिनिट लागे.

४/९ निवडीची पहिली कसोटी लिपीची. बहुतेक संगणक ‘आस्की’ संकेत वापरत, तर कमोडोर ‘पेटस्की’. रूपांतर न करणाऱ्या प्रोग्राममध्ये इंग्रजीची मोठी अक्षरे लहान आणि लहान अक्षरे मोठी दिसत. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेल्यांना ही गत परिचित असेल.

५/९ पण केवळ आस्की जाणणारा प्रोग्रामही अपुराच. पेटस्कीत रंगांचे संकेत आणि चित्रचिन्हे होती; कमोडोरवाल्यांचे बोर्ड त्यांतूनच रंगीत चित्रे रेखाटत. म्हणून चांगल्या प्रोग्रामला दोन्ही लिपी याव्या लागत.

६/९ दुसरी कसोटी फाइलींची. क्रिस्टनसेन यांचा १९७७चा ‘एक्समोडेम’ १२८ बाइटांचे तुकडे तपासून पाठवी. कमोडोरच्या बोर्डांवर मात्र कॅनडाच्या स्टीव्ह पंटर यांची ‘पंटर’ पद्धत रूढ होती. दोन्ही टोकांना एकच पद्धत नसेल, तर फाइल मिळत नसे. लांबच्या गावी लावलेल्या फोनचे मिनिटागणिक पैसे मात्र द्यावेच लागत.

७/९ तिसरी कसोटी वेगाची. कमोडोर ६४ मध्ये मोडेमसाठी स्वतंत्र चिप नव्हती. एकेक बिट मोजण्याचे काम मुख्य प्रोसेसरच करी. २४०० बॉडला यंत्रातील मूळ व्यवस्था कोलमडे. नोव्हाटर्मसारख्या प्रोग्रामांनी हे काम स्वतःच्या सुधारित संकेतांनी केले. इतकेच नव्हे, तर अक्षरे अवघ्या चार बिंदूंच्या रुंदीत बसवून चाळिसाऐवजी ऐंशी अक्षरांची ओळही दाखविली.

८/९ नोव्हेंबर १९८५ मध्ये कमोडोरधारकांसाठी ‘क्वांटम लिंक’ ही सशुल्क सेवा आली. तिची फ्लॉपी वेगळी. इतर टर्मिनल प्रोग्राम तिथे निरुपयोगी. लिपी, पद्धत, वेग यांची चिंता कंपनीने वाहिली. सोय झाली, पण निवड संपली. हीच कंपनी पुढे अमेरिका ऑनलाइन या नावाने जगप्रसिद्ध झाली.

९/९ आजही हौशी मंडळी वाय-फाय मोडेम लावून हे संगणक जुन्या धर्तीच्या बोर्डांना जोडतात, आणि लिपीचा तोच पहिला प्रश्न पुन्हा समोर येतो. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढे ध्यानी ठेवावे : फाइल जपली म्हणजे दस्तऐवज जपला असे नव्हे. तो वाचणारा प्रोग्रामही जपावा लागतो. एरवी मोडी वाचता न येणाऱ्याच्या हाती मोडी रुमाल, अशी अवस्था होते.