शब्दवेध : इफ्लुअंट

बारामती-इंदापूरच्या साखरपट्ट्यात कारखान्यांच्या कागदपत्रांत ‘इफ्लुअंट’ हा शब्द पावलोपावली भेटतो. मूळ लॅटिन : ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणे. जे बाहेर वाहते ते इफ्लुअंट. फ्लुअंट, इन्फ्लुएन्स, इन्फ्लुएन्झा ही त्याचीच भावंडे. मुळात या शब्दाला घाणीचा स्पर्श नव्हता. सरोवरातून निघणारा निर्मळ प्रवाहही इफ्लुअंटच. कारखानदारी वाढली तसा त्याला दर्प चिकटला. १९७४च्या जलप्रदूषण कायद्यात ‘ट्रेड इफ्लुअंट’ म्हणजे उद्योगाचे सांडपाणी.

आपल्या ‘सांडणे’ या क्रियापदाचीही अशीच दोन अपत्ये. धरणाच्या सांडव्यावरून स्वच्छ पाणी कोसळते. सांडपाण्यापासून मात्र आपण पदर सावरतो.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या दक्षिण कडेने वाहणारी नीरा नदी नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी मिसळले की तिचा प्रवाह काळपट होतो, मासे मरून काठाला लागतात, काठच्या विहिरी नासतात. शब्द फक्त ‘बाहेर वाहणारे’ एवढेच सांगतो. ते कसे वाहावे, हे ठरवणे माणसाच्या हाती आहे. म्हणून प्रक्रिया केल्याशिवाय एक थेंबही नदीत जाता कामा नये.