उरलेले आठ मिलिलिटर

मागच्या वेळी आपण क्लोरोफॉर्मपाशी थांबलो होतो. आज प्रोपोफॉलकडे वळू. दिसायला अगदी दुधासारखं, आणि आपली गोष्टही त्या दुधाळपणातूनच सुरू होते.

इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन यांनी हे औषध शोधलं. मुळात ते जनावरांचे डॉक्टर, हे आपण सहसा विसरतो. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. १९७७ साली माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा तो एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात दिला होता, आणि त्या द्रावकाची काहींना ॲलर्जी आली. मग सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन वापरून हे दूध तयार झालं. ब्रिटनमध्ये ते १९८६ साली बाजारात आलं, अमेरिकेत १९८९ साली परवानगी मिळाली. रुग्ण चटकन झोपतो, चटकन शुद्धीवर येतो. भूलतज्ज्ञ खूश झाले.

पण झालं काय, की हे दूध जंतूंनाही मानवलं. त्यात जंतुरोधक काही घातलेलं नव्हतं. १९९० पासून अमेरिकेतल्या सात रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाच्या साथी निघाल्या. सरकारी तपासनीस गेले, तेव्हा कंपनीच्या बंद कुप्या स्वच्छ निघाल्या. घोळ होता तो औषध भरण्यात: सकाळीच सिरिंजा भरून ठेवायच्या, कुपीचं तोंड पुसायचं नाही, एकच सिरिंज अनेकांना वापरायची.

हे लोक असं का करत असतील? निव्वळ हलगर्जीपणा म्हणून मोकळं होणं आम्हांला पटत नाही. जरा हिशोब करू. साठ किलोच्या माणसाला किलोमागे २ मिलिग्रॅम धरले, तर १२० मिलिग्रॅम, म्हणजे १२ मिली. कुपी २० मिलीची. ८ मिली उरले. महागडं औषध, डोळ्यांना स्वच्छ दिसणारं, आणि पुढचा रुग्ण दाराशी. ते ओतून द्यायला हात धजत नाही.

१९९६ साली अमेरिकेत त्यात ईडीटीए घातलं. जंतूंची वाढ मंदावली, पण एक कुपी एकालाच हा नियम तसाच राहिला. तो मोडल्याचं फळ लास व्हेगासमधल्या एका एंडोस्कोपी केंद्रात दिसलं. रुग्णाला आणखी औषध लागलं की सुई नवी घ्यायचे, सिरिंज मात्र तीच. तिच्यातलं रक्त कुपीत उतरायचं, आणि उरलेलं औषध पुढच्याला. हेपॅटायटिस सी पसरला. २००८ साली सुमारे ४०,००० लोकांना रक्त तपासून घ्या अशी पत्रं गेली. वाचवलेल्या मिलिलिटरांची किंमत त्या लोकांच्या घरी जाऊन विचारावी.

नासाडीवर एक साधा उपाय निघालाय. एका रुग्णालयानं ५० आणि १०० मिलीच्या कुप्या काढून फक्त २० मिलीच्या ठेवल्या, तर फेकलं जाणारं औषध बरंच घटलं. आपल्याकडे १० मिलीच्याही मिळतात. मात्र आपला साठ किलोचा माणूस आठवा. त्याला दोन फोडाव्या लागतात. पुन्हा उरले आठच.