वायुदाब व उंची : शेलू–माथेरान परिसर

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील मौजे शेलू उल्हास नदीच्या सखल खोऱ्यात वसलेले असल्यामुळे तेथील वायुदाब समुद्रसपाटीवरील १०१३ मिलिबार या प्रमाणदाबाहून किंचितच कमी भरतो. परंतु शेजारच्या, सुमारे ८०० मीटर उंचीच्या माथेरानावर, वरील हवेचा भार तेवढा घटल्याने, तो ९२० मिलिबारच्या आसपास उतरतो आणि पाणी साधारण ९७ अंश सेल्सिअसलाच उकळते. हवा संपीड्य असून तळाशीच दाट असल्याकारणाने ही घट सर्वत्र सारखी नसते; साडेपाच किलोमीटरांवरच दाब निम्मा होतो. येथील पर्जन्यमेघांचे तपांबर, म्हणजे वातावरणाचा सर्वांत खालचा थर, या अक्षांशांवर १६ ते १८ किलोमीटरांपर्यंत पोचते. स्थितांबरादी वरच्या थरांच्या वाट्यास एकूण हवेचा जेमतेम दशांश येतो. माथेरानावरील दाबाची घट त्यामानाने थोडीच असल्याने तेथील विरळ हवेची होणारी वाखाणणी मात्र अतिशयोक्तच म्हणावी लागेल.